आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती धर्मशास्त्र-शिक्षणात पाश्चात्त्य गृहीतके नेमकी कोठे दिसतात?

माझ्या मते ही गृहीतके उत्तरांपेक्षा प्रश्नांच्या निवडीत अधिक दडलेली असतात. चमत्कार शक्य आहेत का, हा अठराव्या शतकातील युरोपीय बुद्धिवादातून आलेला पेच सार्वत्रिक मानून शिकवला जातो. आणि पूर्वजांशी असलेले नाते, भूतबाधा, करणी, प्रार्थनेने होणारी रोगमुक्ती यांविषयी घाना किंवा केनियातील चर्चमध्ये प्रत्यक्ष विचारले जाणारे प्रश्न मानववंशशास्त्राचा विषय म्हणून बाजूला सारले जातात. केनियाचे धर्मशास्त्रज्ञ जॉन म्बिती यांनी १९७० च्या दशकात रंगवलेला, युरोपातून पदव्या घेऊन परतलेला विद्वान येथे आठवतो: बहिणीला भूतबाधा झाली म्हणून गावकरी त्याच्याकडे मदत मागतात, आणि तो आधार शोधतो बुल्टमान यांच्या लेखनात, म्हणजे भूतांना मिथकच ठरवणाऱ्या जर्मन पंडिताकडे!

धर्मशास्त्रज्ञ क्वामे बेदियाको यांनी घानातील अक्रोपाँग येथे १९८७ साली स्थापन केलेल्या संस्थेने मातृभाषेतील चिंतनाला मध्यवर्ती स्थान दिले. मात्र बायबलच्या मूळ भाषांचा, ग्रीक-हिब्रूचा, अभ्यासही पाश्चात्त्य ठरवून टाकून द्यावा, ही टोकाची भूमिका मला पटत नाही. शिवाय आफ्रिकी परंपरेच्या गौरवात स्त्रियांचा अनुभव झाकला जाऊ शकतो, हे घानाच्याच धर्मशास्त्रज्ञ मर्सी अंबा ओदुयोये यांनी परखडपणे मांडले आहे.