वाचकांचे प्रश्न : नोंदवलेले नाव आणि व्यापारचिन्ह

प्रश्न : आम्ही दोघा भागीदारांनी कंपनीची रीतसर नोंदणी केली आहे. आता सल्लागार म्हणतात की ट्रेडमार्कची नोंदणी वेगळी करावी लागेल. कंपनीचे नाव, ब्रँड, लोगो आणि ट्रेडमार्क हे शब्द आम्ही आजवर एकाच अर्थाने वापरत आलो. त्यांत फरक काय, आणि नाव एकदा नोंदवल्यावर ते आमचेच झाले नाही का?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज पुष्कळांना महागात पडतो. कंपनीचे नाव हे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती ठरलेल्या संस्थेचे नाव असते. करार, कर, बँकेचे खाते आणि न्यायालयातील दावे त्या नावाने चालतात. हे नाव देताना नोंदणी कार्यालय मुख्यतः एवढेच पाहते की आपल्या नोंदवहीत तेच किंवा त्याच्या फार जवळ जाणारे दुसरे नाव नाही ना. त्या नावाने माल विकण्याचा एकाधिकार त्यातून मिळत नाही. तो मिळतो व्यापारचिन्हातून, म्हणजेच ट्रेडमार्कमधून, कारण हा माल किंवा ही सेवा कोणाकडून आली हे ग्राहकाला ओळखता यावे, यासाठीच ते चिन्ह असते. प्रॉक्टर अँड गॅम्बल हे एका कंपनीचे नाव आहे. एरिअल, पॅम्पर्स आणि जिलेट ही तिची व्यापारचिन्हे आहेत, आणि ती वापरणाऱ्या अनेकांना मूळ कंपनीचे नाव ठाऊकही नसते.

लोगो, म्हणजे बोधचिन्ह, हे ओळखीचे दृश्यरूप. ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १८७६ रोजी नोंदवले गेलेले पहिले व्यापारचिन्ह बास या मद्य कंपनीचा लाल त्रिकोण हे होते. एद्वार माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ मध्ये प्रदर्शित केलेल्या मद्यगृहाच्या प्रसिद्ध चित्रात बाटल्यांवर तो त्रिकोण दिसतो आणि वेष्टनावरील अक्षरे न वाचताही बाटली कोणाची ते कळते. बोधचिन्हाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, असे माझे मत आहे. कंपनीचा सारा इतिहास आणि ध्येयधोरणे एका आकृतीत कोंबण्याचा हट्ट व्यर्थ असतो. ब्रँड किंवा नाममुद्रा हा शब्द मात्र कायद्यापेक्षा बाजाराचा अधिक आहे. नाव, चिन्ह, दर्जा आणि लौकिक मिळून ग्राहकाच्या मनात जी प्रतिमा तयार होते तिला तो लावला जातो, आणि ती प्रतिमा जशीच्या तशी कोणत्याही नोंदवहीत लिहिता येत नाही.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. व्यापारचिन्हाची नोंदणी सरसकट सगळ्या व्यवहारांसाठी होत नाही. नीस वर्गीकरण या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत वस्तूंचे ३४ आणि सेवांचे ११ असे ४५ वर्ग आहेत, आणि अर्ज करताना आपला वर्ग सांगावा लागतो. त्यामुळे एकच शब्द दोन वेगळ्या धंद्यांत सुखाने नांदू शकतो, निदान ते धंदे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत तोवर. बीटल्स या वाद्यवृंदाची ॲपल कोअर ही कंपनी आणि संगणक बनवणारी ॲपल यांच्यात १९८१ मध्ये समझोता झाला तो याच धर्तीवर, की संगणकवाल्यांनी संगीताच्या व्यवसायात उतरू नये. पुढे संगणकच संगीत वाजवू लागले, वाद पुन्हा पेटला, आणि अखेर २००७ च्या करारानुसार ॲपलशी संबंधित सर्व व्यापारचिन्हे संगणक कंपनीच्या मालकीची झाली व त्यांतील काही वापरण्याचा परवाना संगीत कंपनीला देण्यात आला. तेव्हा आज जे विकता त्याच्याच नव्हे, तर नजीकच्या काळात जे विकण्याचा खरोखर विचार आहे त्याच्याही वर्गाची चौकशी करून ठेवावी.

प्रश्न : आमचे बोधचिन्ह एका चित्रकाराकडून पैसे देऊन करवून घेतले. ते आमच्या मालकीचे आहे ना?

उत्तर : केवळ पैसे दिल्याने तसे होईलच असे नाही. बोधचिन्ह ही कलाकृतीही असते, आणि बाहेरच्या कलावंताने केलेल्या कामाचा कॉपीराइट बऱ्याच देशांत लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. तेवढा एक कागद सही करून घ्यावा आणि मगच चिन्हाच्या नोंदणीसाठी अर्ज करावा.

प्रश्न : नावापुढे टीएम ही अक्षरे आणि वर्तुळातील आर यांपैकी काय लिहावे? मालाचा गुण सांगणारे नाव घेतले तर चालेल का?

उत्तर : टीएम ही अक्षरे म्हणजे हे आमचे व्यापारचिन्ह आहे असा दावा, त्यासाठी सहसा नोंदणी लागत नाही. वर्तुळातील आर मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच वापरावा, कारण नोंदणी नसताना तो छापणे अनेक देशांत गुन्हा आहे.

गुण सांगणारे नाव विकायला सोपे आणि राखायला कठीण असते. आपला माल ताजा, मजबूत किंवा स्वस्त आहे असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक विक्रेत्याला असल्यामुळे असा शब्द एकट्याच्या स्वाधीन करायला नोंदणी कार्यालये राजी नसतात. याउलट जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये नोंदवलेला कोडॅक हा शब्द त्याने मुद्दाम घडवलेला होता; त्याला आधी काही अर्थच नव्हता, म्हणून त्यावर दुसरा कोणी हक्क सांगण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

चांगले नाव मिळाल्यावरही ते जपून वापरावे लागते. एस्कलेटर हे ओटिस कंपनीचे व्यापारचिन्ह होते, पण कंपनी स्वतःच आपल्या जाहिरातींत आणि पेटंटांत तो शब्द सरकत्या जिन्याचे सामान्य नाव म्हणून वापरू लागली, आणि १९५० मध्ये अमेरिकेत ती नोंदणी रद्द झाली. म्हणून जाहिरातीत, देयकात आणि वेष्टनावर आपल्या चिन्हाच्या पुढे वस्तूचे साधे नाव नेहमी लिहावे, आणि त्या चिन्हाचे अनेकवचन किंवा क्रियापद करणे कटाक्षाने टाळावे.