‘हार्डली’त ‘नाही’ आधीच बसलंय

प्रश्न असा आलाय: मुलीनं इंग्रजी निबंधात पैलवानाबद्दल ‘ही ट्रेन्स हार्डली’ लिहिलं आणि बाईंनी ‘ली’ खोडली. ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं, तर ‘हार्ड’चं ‘हार्डली’ का नको?

होतं की, पण अर्थ फिरतो. ‘ही ट्रेन्स हार्ड’ म्हणजे गडी पहाटेपासून कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घाम गाळतोय. ‘ही हार्डली ट्रेन्स’ म्हणजे गडी तालमीकडं फिरकला तर फिरकला. ‘हार्ड’ हे ‘फास्ट’च्या जातीचं; विशेषणही तेच, क्रियाविशेषणही तेच. बाईंचं बरोबर आहे.

एके काळी ‘हार्डली’चा अर्थ खरोखरच ‘जोरानं’ असा होता. पुढं तो ‘मोठ्या कष्टानं’ झाला आणि तिथून ‘जेमतेम’वर आला. आपलं ‘मुश्किलीनं’ याच वाटेनं गेलंय. ‘सभेला मुश्किलीनं दहा माणसं होती’ म्हणताना त्या दहांना यायला त्रास पडला, असं आपण सांगत नसतो.

आपल्याला खरा दगा देतं ते पुढंच. ‘तो फारसा बोलत नाही’ या वाक्यात ‘नाही’ लागतंच. नुसतं ‘तो फारसा बोलतो’ कानाला खटकतं. तीच सवय इंग्रजीत घुसते आणि ‘ही डझन्ट हार्डली स्पीक’ तयार होतं. ‘हार्डली’च्या पोटात नकार आधीच आहे, दुसरा कशाला? पुरावा हवा असेल तर शेपटीचा प्रश्न, म्हणजे ‘क्वेश्चन टॅग’ बघा: ‘ही हार्डली स्पीक्स, डझ ही?’ मुख्य वाक्य नकारार्थी धरलंय, म्हणून शेपटी होकारार्थी.

‘नाही’ न लावता नकार देणं आपल्याला काही नवं नाही. ‘त्यो कशाला येतोय आता!’ यात नकाराचा शब्द कुठंय? ‘ही विल हार्डली कम नाऊ’ला मला तरी याहून नेमकं मराठी सुचत नाही. ‘क्वचितच’ लिहिलं तर वाक्यातली हवाच जाते.

परीक्षेपुरतं: ‘हार्डली हॅड’नं सुरू झालेल्या वाक्यात पुढं ‘व्हेन’ येतं. ‘दॅन’ हे ‘नो सूनर’चं.

राहता राहिलं आपलं बोलण्यातलं ‘हार्डली’. ‘बिंदू चौकातनं रंकाळा हार्डली दहा मिनिटं’ म्हणणाऱ्याच्या मनात ‘फार तर दहा’ असतं. इंग्रजी ‘हार्डली’चा रोख मात्र ‘धड दहासुद्धा नाहीत’कडं. बोलताना चालून जातं. लिहिताना तिथं ‘अ‍ॅट मोस्ट’ घाला.