ऑक्सिजन रेग्युलेटरच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं का?

तुम्ही लिहिलंय की बी-टाइप सिलिंडरचा मेडिकल रेग्युलेटर योकपाशी (सिलिंडरच्या वाल्वला पकडणाऱ्या चौकटीपाशी) गळतोय आणि दुकानदाराने 'यात तेल नाही' असं सांगून नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा (गळती रोखणारी गोल कडी) आणि सिलिकॉन ग्रीसची ट्यूब हातात दिली आहे. दोन्ही परत करा.

'सिलिकॉन म्हणजे तेल नाही' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पेट्रोलियम नाही, एवढंच त्यात खरं आहे. त्याच्या रेणूवर मिथाइलचे गट असतात, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन आलेच. १५० बार शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते इंधनच ठरतं. वाल्व झटक्यात उघडला की रेग्युलेटरच्या तोंडात अडकलेला वायू १ बारवरून थेट १५० बारवर दाबला जातो, आणि गणिताने त्याचं तापमान ९०० अंशांच्या वर जातं. भोवतालचं पितळ ती उष्णता ओढून घेतं, त्यामुळे ते तापमान टिकत नाही. पण ग्रीसच्या पातळ थराला तेवढा क्षण पुरतो. 'वीस वर्षं लावतोय, काही झालं नाही' म्हणणाऱ्यांचा वाल्व वीस वर्षं कुणीतरी हळू उघडत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

लावायचंच तर पीएफपीई (हायड्रोजनऐवजी फ्लोरिन असलेलं) तेल आणि टेफ्लॉनची भुकटी यांचं ग्रीस लावा: क्रायटॉक्स जीपीएल २०५ किंवा क्रिस्टोल्यूब एमसीजी १११. क्रायटॉक्स नुसतं नाव वाचून उचलू नका, गंजरोधक किंवा मॉलिब्डेनम घातलेले प्रकारही मिळतात. प्रमाण टाचणीच्या डोक्याएवढं. ओ-रिंग बोटांत फिरवून नुसती ओलसर चमकली पाहिजे, खाचेत पांढरा गोळा दिसला तर जास्त झालं. हे ग्रीस पाण्याने, ॲसिटोनने किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) निघत नाही, फ्लोरिनयुक्त सॉल्व्हंट लागतो, म्हणून आधीच कमी घ्या. हातात पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे हवेत.

आणि तुमची गळती योकपाशी आहे ना? मग तिथे ग्रीसचं कामच नाही. योकचं सील कोरडंच बसतं. जुनं काढून धातूच्या कड्यातलं व्हायटॉनचं (फ्लोरिनयुक्त रबराचं) नवं बसवा आणि हाताने आवळा. याच जागी बसणारे, आवळल्यावर चुरडणारे नायलॉनचे वॉशर एकदाच वापरायचे असतात. ते पुन्हा वापरून, गळती थांबेना म्हणून पान्याने आवळल्यामुळे रेग्युलेटर पेटल्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाने) २००६ मध्ये दिला होता. टेफ्लॉन टेपही इथे नको. तिचे तुकडे तुटून सीटवर (रेग्युलेटरच्या आत वायू रोखणाऱ्या बैठकीवर) जातात, आणि मग फ्लो बंद असताना आउटलेटच्या गेजचा (दाबमापकाचा) काटा हळूहळू चढत राहतो.

सीलचं थोडक्यात: उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये नायट्राइल दोनशे अंशांच्या आतच पेटतं, व्हायटॉन साधारण तीनशेच्या आसपास, टेफ्लॉन चारशेच्या वर. मी फक्त या आकड्यावर जात नाही. पेटल्यावर टेफ्लॉन फार कमी उष्णता सोडतं, नायट्राइल त्याच्या कित्येक पट.

गेजबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. रेग्युलेटर नीट धुतला, सील बरोबर, ग्रीस बरोबर, आणि गेज कॅलिब्रेशनला पाठवला. तिथे तो तेलाच्या डेड वेट टेस्टरवर (वजनांनी तेलावर दाब देऊन गेज तपासणाऱ्या यंत्रावर) चढला. परत येतो तेव्हा स्टिकर नवा आणि बोर्डन ट्यूबमध्ये (गेजच्या आतल्या, काटा हलवणाऱ्या नळीत) तेल. ती बारीक वळलेली नळी घरगुती साधनांनी पुन्हा धुऊन होत नाही. 'ऑक्सिजनचा गेज, फक्त तेलमुक्त वायूवर तपासा' असं चलनावर लिहून द्या, नाहीतर गेज नवाच घ्या. ग्लिसरीन भरलेला गेज तर ऑक्सिजनवर कधीच नको.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य डिटर्जंट, मग डिस्टिल्ड पाणी, मग कोरडा नायट्रोजन. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर धुतलेलं वाया गेलं, त्या हवेत तेलाचे कण असतात. जुने लोक सीटीसी (कार्बन टेट्राक्लोराइड) वापरायचे. ते यकृताला आणि ओझोनला घातक, त्याच्या नादी लागू नका. गळती तपासायला भांड्यांचा साबण नको, ऑक्सिजनसाठीचं लीक-डिटेक्टर द्रव घ्या.

एक गोष्ट वर राहिली. व्हायटॉन आणि टेफ्लॉन पेटले तर त्यांचा धूर विषारी असतो, आणि हा वायू रुग्णाच्या नाकात जातो. त्यामुळे सीट आणि आतली सीलं उत्पादकाच्या किटमधलीच घाला, माझ्या किंवा कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका. द्रव ऑक्सिजनला यातलं काही लागू नाही, उणे १८३ अंशांवर रबराची ओ-रिंग काचेसारखी होते.

जोडल्यावर प्रेशरचा नॉब पूर्ण सैल करा, गेजच्या समोर न थांबता बाजूला उभे राहा आणि वाल्व इतका हळू उघडा की काटा चढायला काही सेकंद लागतील.