पोरगी अजून शिकूच राहिली का?

रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदार काकांचं पत्र आलं आहे. मुलीची पुण्यातून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. झाली. आता युरोपातल्या एका विद्यापीठात तिला दोन वर्षांचं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधनाचं काम, मिळतंय. विषय असा की, ताणाशी माणसाचं शरीर कसं जुळवून घेतं आणि त्याचा कामगिरीवर काय परिणाम होतो. काका लिहितात, "गावात विचारतात, पोरगी अजून शिकूच राहिली का? आणि ताणावर काय संशोधन करायचं? ताण तर आम्हालाबी आहे."

रामराम काका,

गावाला सांगा, शिकत नाही, कामाला लागली. पोस्टडॉकला ना परीक्षा, ना पदवी, ना फी. दर महिन्याला पगार असतो. उलट कोणी प्रवेश फी किंवा डिपॉझिट मागितलं, तर तिथंच थांबा, ते पोस्टडॉक नव्हेच.

आता विषयाचं. टिश्यूकल्चरचं रोप बाटलीतून काढून तुम्ही थेट मृगबागेत लावता का? आधी ग्रीनहाउस, मग शेडनेट, हार्डनिंग झालं की वावर. माणसाचंही तसंच चालतं. एप्रिलमध्ये केळी कापायला नवा मजूर आला की पहिले तीन-चार दिवस त्याला भोवळ येते, नाडी धावते. रोज थोडं थोडं उन्हात काम करत गेला, तर दहा ते चौदा दिवसांत त्याचं शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातला पातळ भाग वाढतो आणि तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात. फरक इतकाच की रोपाचं हार्डनिंग एकदाच करावं लागतं. मजूर मात्र महिनाभर घरी बसला की कमावलेलं बरंचसं ओसरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे कसं घडतं, एकाला लवकर आणि दुसऱ्याला उशिरा का साधतं, हाच तुमच्या मुलीच्या विषयाचा गाभा.

तुमचा ताण म्हणजे करपा, वादळ आणि भाव. त्याचीही वाट शरीरात बरीचशी तीच आहे. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं की थंडी असो, इजा असो की अतिश्रम, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा सारखाच असतो. मेंदूतून निघालेला निरोप पिट्यूटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींना पोचतो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं. ते थोडा वेळ चढलं तर कामाचं, पण महिनोन्‌महिने चढंच राहिलं तर झोप, साखर, रक्तदाब सगळंच बिघडवतं. हे कॉर्टिसॉल थुंकीतूनही मोजता येतं. प्रयोगाला आलेल्या माणसानं जाग आल्याबरोबर एका नळीत थुंकायचं, मग अर्ध्या तासानं पुन्हा, कारण उठल्यावर ३० ते ४५ मिनिटांत ते सगळ्यात वर जातं. गडी गजर बंद करून लोळत पडला आणि वेळ मात्र बरोबरची लिहिली, की तो नमुना वाया. (पीएच.डी. होऊन पोरगी लोकांची थुंकी गोळा करते, हे तेवढं पारावर सांगू नका.)

या कामाची गरज सैन्याला आहे, खेळाला आहे, अंतराळमोहिमांना आहे. माझ्या मते आपल्या भुसावळ-रावेरच्या उन्हात राबणाऱ्यांना सगळ्यात जास्त आहे, पण त्यांच्यासाठी पैसा कमी सुटतो. भारतात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची दिल्लीतली डिपास ही प्रयोगशाळा सैनिकांवर उष्णतेचा आणि उंचीचा काय परिणाम होतो ते अभ्यासते. अहमदाबादेत राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, भुसावळहून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर. म्हणजे परत यायला दारं आहेत, पण जागा मोजक्या.

आता खरी काळजी. पोस्टडॉक ही मुदतीची नोकरी आहे. ती कायमची समजून एकामागून एक पोस्टडॉक करत राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. चोपड्याकडचा एक मुलगा तिसरं संपवून परतला तेव्हा आपल्याकडच्या राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची ३५ वर्षांची मर्यादा ओलांडून गेला होता. तुमच्या मुलीला महिला म्हणून पाच वर्षांची सवलत आहे, पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये. पुढे परतायचं ठरलं तर जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप परदेशातून येणाऱ्यांसाठीच आहे, तिच्यावर पहिल्या वर्षापासून डोळा ठेवायला सांगा.

जाण्याआधी तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सरळ विचारावं: दुसऱ्या वर्षाचा पगार आजच मंजूर आहे का, की अनुदान आलं तर? आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत? आणि माझ्या हातात स्वतःचा असा कोणता प्रश्न राहील? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, मी दुसरीकडे अर्ज करायला सांगेन. दुसऱ्याच्या प्रकल्पावर दोन वर्षं राबून शेवटी शोधनिबंधात नाव चौथ्या क्रमांकावर, हा सौदा तोट्याचा. आणि माणसांवरचे प्रयोग हळू चालतात. नैतिक समितीची परवानगी, माणसं जमवणं यातच सहा-आठ महिने सहज जातात, तेव्हा दोन वर्षांचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

लग्नाचं तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. तो प्रश्न तिला विचारा, मला नको.

ऑफर लेटरची प्रत मला पाठवा. मुदतवाढीचं कलम आपण तिघं फोनवर एकत्र वाचू. संध्याकाळी सातनंतर कधीही, तोवर तुमची मोटारही बंद झालेली असेल.