आमचा लॅब गाईड डॉग होईल का?

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर दीड वर्षाचा आहे, भारी हुशार, सांगू ते ऐकतो. अंध व्यक्तीसाठी गाईड डॉग म्हणून देता येईल का?

उत्तर: हुशारी ठीक आहे हो, पण आधी बघतात तो दचकल्यावर काय करतो ते. म्हणजे समोर अचानक छत्री उघडली किंवा मागे पातेलं आदळलं तर दचकणं चालतं, पण लगेच सावरून त्या पातेल्याचा वास घ्यायला पुढे गेला तर चांगलं लक्षण, आणि शेपूट पायात घालून थरथरत बसला की विषय संपला. माणसांवर गुरगुरला तर सरळ बाद. मग मांजर, चेंडू, खाली पडलेलं खाणं दिसलं तरी लक्ष परत येतं का ते बघतात, हिप आणि कोपराचे एक्स-रे, डोळे, सगळं तपासतात, कारण पुढे कितीतरी वर्षं हार्नेस (मालक धरतो तो अंगावरचा पट्टा) घालून काम करायचंय.

आणि 'सांगू ते ऐकतो' एवढ्यावर भागत नाही बरं का, गाडी येत असताना मालक 'चल' म्हणाला तरी यानं हलायचं नाही, हे खरं अवघड!

खरं सांगायचं तर बऱ्याच संस्था स्वतःच्या ब्रीडिंगमधली पिल्लंच घेतात, त्यामुळे चान्स कमीच. थेरपी डॉगसाठी, म्हणजे आजारी किंवा एकट्या माणसांना भेटून धीर देणाऱ्या कुत्र्याच्या कामासाठी, मात्र नक्की विचारून बघा.