व्हाइटनरखालचे दोन बिंदू

"मॅडम, मला येत नाही असंच काही कोणी विचारलं तर?"

प्रकल्प सादरीकरणाचे दिवस जवळ आले की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आठवड्यातून तीन-चारदा येतो. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीनं, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

बीएस्सीचं शेवटचं वर्ष, सिन्नरहून रोज एसटीनं ये-जा. विषय लोलकाचा. दोऱ्याची लांबी बदलत आवर्तनकाल, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजायचा, त्याचा वर्ग आलेखावर मांडायचा आणि लघुतम वर्ग पद्धतीनं, म्हणजे बिंदूंपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी राहील अशी, सरळ रेषा बसवून उतारावरून गुरुत्वत्वरण काढायचं.

"सगळं पाठ आहे हो, पण मला प्रत्येक उत्तर आलंच पाहिजे."

हा 'च' मी नेहमी कागदावर लिहून घेते. भीतीचं मूळ मला प्रश्नांत कमी आणि या एका अक्षरात जास्त सापडलेलं आहे. 'आलं तर बरं' म्हणणाऱ्याचेही हात थरथरतात, पण त्याचं तोंड उघडतं. पहिल्या दोन भेटी यावरच गेल्या. तिला पटलं, पण झोप येईना.

तिसऱ्या भेटीत मी तिची वही मागितली. आलेखावर दोन ठिकाणी व्हाइटनर लावलेलं.

"हे काय गं?"

"रेषेत बसत नव्हते. सरांनी पाहिलं तर विचारतील."

"मला लोलकातलं काही कळत नाही. का बसत नव्हते, ते मला समजेल असं सांग."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग माझ्या टेबलावरच्या फाइलची नाडी सोडून तिनं तिला किल्ली बांधली. आधी लांब धरून झुलवली, मग आखूड धरून. आणि एकदम थांबली.

"मॅडम, मी प्रत्येक वेळी गोळा १७ सेंटिमीटरच ओढत होते! मीटरभर दोऱ्याला तो १० अंशांचा कोन, पण २० सेंटिमीटरच्या दोऱ्याला जवळजवळ ६०! आपलं सूत्र लहान कोनापुरतंच. ६० अंशांना आवर्तनकाल ७ टक्क्यांनी वाढतो."

म्हणजे जे ती लपवत होती, तेच तिच्या अभ्यासातलं सर्वांत सांगण्यासारखं होतं. मला ते क्षणभर आधी जाणवलं होतं, पण मी बोलले नाही. समुपदेशकानं तिथं तोंड मिटून बसावं, असं मी मानते. पुढे तिनंच सांगितलं, की लजांद्र या फ्रेंच गणितज्ञानं ही रेषा बसवायची लघुतम वर्ग पद्धत १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांसाठी छापली. निरीक्षणांत चुका असणारच, हे तिच्यात गृहीतच धरलेलं. गणिताला जे चालतं, ते मुलांनी स्वतःला का नाकारावं?

तुमच्याही आलेखात न बसणारा बिंदू असेल, तर तो आधी तुम्हीच दाखवा. विषय न कळणाऱ्या आईला किंवा आजोबांना उभं राहून, मोठ्यानं समजवा; आरशासमोरच्या सरावापेक्षा ते फार उपयोगी पडतं. आणि 'हे मी तपासलेलं नाही' हे वाक्यही सरावात घ्या.

सादरीकरणाच्या दिवशी तिनं सीबीएस बसस्थानकावरून फोन केला. "एक प्रश्न नाही आला मॅडम, हवेच्या विरोधाचा. म्हटलं, ते मी मोजलेलं नाही. सर 'बरं' म्हणाले आणि त्या दोन बिंदूंची स्लाइड परत लावायला सांगितली."