वाचक विचारतात : फोन अर्ध्या मिनिटात का ठेवलात?

मागच्या अंकात मी कोविड वॉर्डातल्या ड्युट्यांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही म्हणून चारच घेतेय. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण तो प्रश्न माझ्याही डोक्यातून कधी गेलाच नाही.

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये माझे बाबा गेले. अकरा दिवस ॲडमिट होते. रोज संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन यायचा, "ऑक्सिजनवर आहेत, सिरियस आहेत" एवढं बोलून कट. शेवटी तोंडही बघू दिलं नाही. तुम्हा लोकांना काहीच वाटत नव्हतं का?
– एक वाचक, कराड

ताई, वाटत होतं. तुमच्यापर्यंत ते पोचलं नाही हे मात्र खरं, आणि त्याबद्दल तुमचा राग मला अजिबात चुकीचा वाटत नाही.

मी तेव्हा एका सरकारी हॉस्पिटलात मेडिसिनची रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकत वॉर्ड सांभाळणारी डॉक्टर होते. फोनचं सांगते. संध्याकाळी नातेवाईकांच्या नंबरांची यादी हातात यायची, पन्नासेक नावं, आणि वॉर्डात आम्ही दोघंच. वॉर्डाचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, हातात डबल ग्लोव्ह्ज त्यामुळे नंबर नीट दाबला जायचा नाही, गॉगलवर वाफ धरलेली, तोंडावर एन-९५ आणि वरून फेस शिल्ड, म्हणजे समोरच्याला ऐकू जावं म्हणून ओरडूनच बोलावं लागायचं. "वडिलांची तब्येत नाजूक आहे" हे वाक्य ओरडून सांगितलं की ते कसं लागत असेल हे मला नंतर कळलं, माझ्याच मामीला असा फोन आला तेव्हा. आणि बोलता बोलता मागे कुठल्यातरी बेडचा मॉनिटर वाजायचा, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ८२, ७८ असा घसरत असायचा, मग फोन तसाच ठेवून पळायचं. परत लावायचा राहून जायचा. राहून गेलेले ते फोन मला आठवतात.

एप्रिलमध्ये त्यात ऑक्सिजनची भर पडली. हिशोब सांगते म्हणजे कळेल. जम्बो सिलेंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या पेशंटला तो अकरा-साडेअकरा तास जातो, पण हाय फ्लो मशीन मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतं, म्हणजे तोच सिलेंडर दोन तासही पुरत नाही. असे पाच पेशंट एका वॉर्डात असले की रात्र कशी जात असेल बघा. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात टाकीला गळती लागली, प्रेशर पडलं आणि २२ पेशंट गेले, ती बातमी आली तेव्हा आम्ही राउंडवर होतो. कुणी काही बोललं नाही, आमचे वॉर्डबॉय मामा उठले आणि ऑक्सिजनचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजसमोर स्टूल टाकून बसले ते सकाळपर्यंत हललेच नाहीत.

आता चेहरा बघण्याबद्दल. यात मी आमची बाजू घेणार नाही. केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांमध्येच होतं की काळजी घेऊन मृतदेहाच्या बॅगेची चेहऱ्याकडची चेन उघडून घरच्यांना दर्शन देता येईल. पण बऱ्याच ठिकाणी भीतीने, घाईने, माणसं कमी म्हणून ते केलंच गेलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. ते व्हायला हवं होतं ताई, तुमच्या बाबांसाठी आणि तुमच्यासाठी.

प्रश्न : रेमडेसिवीरच्या इंजेक्शनसाठी आम्ही तीन रात्री मेडिकल पालथी घातली. नंतर ऐकलं की त्याचा फार उपयोगच नव्हता. मग लिहून का दिलं?
– एक वाचक, जालना

काका, सुरुवातीला आम्हालाही काही माहीत नव्हतं. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सल्ल्याने आम्ही स्वतः हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध घेत होतो, आठवड्याला गोळी. बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा पण दिला, भारतातल्याच ३९ हॉस्पिटलांच्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही तरी मे २०२१ पर्यंत तो गाइडलाइनमध्ये होताच. खरा फरक दिसला तो डेक्सामेथासोनने, जुन्या स्वस्त स्टेरॉइडने. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या ट्रायलचा निकाल आला, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांमध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी. ते औषध कुठल्याही मेडिकलात मिळत होतं, त्यासाठी कुणाला रात्रभर फिरावं लागलं नाही.

पण रेमडेसिवीर. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरू नका असा सल्ला दिला होता, आपल्या गाइडलाइनमध्ये ठरावीक पेशंटांसाठी होतं, आणि दुसऱ्या लाटेत ते सरसकट लिहिलं गेलं. माझ्याही हाताने चिठ्ठ्या लिहिल्यात. बाहेर मुलगा उभा असतो, हात जोडून म्हणतो "मॅडम काहीतरी सांगा, मी आणतो", आणि तुमच्याकडे सांगायला काही नसतं, तेव्हा चिठ्ठी लिहिणं सोपं पडतं, "याने जीव वाचेलच असं नाही, तुम्ही इथेच थांबा, मी दर दोन तासांनी सांगते" हे म्हणणं अवघड. ते अवघड वाक्य मी म्हणायला हवं होतं.

प्रश्न : मुलीला एमबीबीएसला जायचंय. ते सगळं बघून मला भीती वाटते. पाठवू का?
– एक आई, चिपळूण

पाठवा. पण तिला एक सांगून ठेवा की दमणूक फक्त आजाराची नसते. एप्रिल २०२१ ची नीट-पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतरची प्रवेश परीक्षा, पुढे गेली ती सप्टेंबरला झाली, मग काउन्सेलिंग म्हणजे जागावाटप अडकलं ते जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे वॉर्डात नवीन फर्स्ट इयर रेसिडेंट आलेच नाहीत आणि उरलेल्यांनी त्यांचंही काम ओढलं. सर्जरीच्या मित्रांनी कित्येक महिने ऑपरेशन थिएटर पाहिलं नाही, स्वॅब घेत बसले. त्याआधी मार्च २०२० मध्ये टाळ्या-थाळ्या वाजल्या आणि काही जणींना घरमालकाने पुढच्या आठवड्यात खोली सोडायला सांगितली. हल्लेही झाले, म्हणून तर १८९७ चा प्लेगच्या वेळचा साथरोग कायदा एप्रिल २०२० मध्ये बदलून सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवावी लागली. हे सगळं कळूनही तिला जायचंच असेल तर अडवू नका.

प्रश्न : माझे मिस्टर भूलतज्ज्ञ आहेत. कोविडमध्ये आयसीयूत होते. आता बरेच वर्षं झाली तरी रात्री मायक्रोवेव्हचा बीप वाजला की दचकतात. विचारलं तर "काही नाही" म्हणतात.
– एक वाचक, पुणे

वहिनी, हे खूप जणांना होतं, फक्त कुणी बोलत नाही. डॉक्टरांना दुसऱ्या डॉक्टरकडे जायची लाज वाटते हे अगदी खरंय, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे तुम्ही सोबत जा, एकट्याला पाठवू नका. लगेच जायला तयार नसतील तर टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं, फुकट आहे.

आणि "काय झालं" असं विचारू नका, त्याला उत्तर "काही नाही" हेच येतं. मीही आईला दोन वर्षं तेच सांगत होते. मग एकदा भाजी निवडताना तिने विचारलं, "तो चौदा नंबर बेडवाला म्हणायचीस ना, त्याचं नाव काय होतं गं?" मी नाव सांगितलं. गाव सांगितलं, श्वास सुधारावा म्हणून त्याला पालथं झोपवलं की तो कसा सिस्टरला "उशी सरकवा" म्हणून खुणवायचा ते सांगितलं. भाजी निवडून झाली, अंधार पडला, मी सांगतच होते.